फीडलाइनवरील कॉमन मोड प्रवाह आणि त्याचे नियंत्रण

हौशी रेडिओ केंद्राच्या फीडलाइनवर, बहुधा कोॲक्स केबलच्या (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेल्या केबलच्या) जाळीच्या बाहेरच्या अंगावरून, वाहणाऱ्या नको असलेल्या रेडिओ वारंवारतेच्या प्रवाहाला कॉमन मोड प्रवाह म्हणतात. रिगमधील (प्रक्षेपण आणि ग्रहण करणाऱ्या रेडिओ संचातील) शक्ती अँटेनापर्यंत नेणे आणि अँटेनाने पकडलेला संदेश रिगपर्यंत आणणे एवढेच फीडलाइनचे काम आहे. तिने स्वतः प्रक्षेपण करू नये आणि स्वतः काही पकडूही नये. हा प्रवाह वाहू लागला की केबल ही दोन्ही कामे करू लागते. प्रक्षेपणाच्या वेळी मायक्रोफोनच्या धातूला ओठ लागताच चटका बसतो, संगणकाची यूएसबी जोडणी तुटते, शेजारच्या घरातील स्पीकरमधून तुटक बोलणे ऐकू येते. ऐकताना उलटे घडते: घरातील एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर जाळीच्या बाहेरून अँटेनाच्या जोडापर्यंत चढते, तिथे केबलच्या आत शिरते आणि दूरच्या केंद्राच्या क्षीण आवाजासोबत रिगमध्ये उतरते. असा त्रास सुरू झाला की पहिला हात अर्थिंगकडे जातो आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत आणखी एक सळई ठोकली जाते. अर्थिंग विजेपासूनच्या सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे, पण या विशिष्ट दुखण्यावर ते क्वचितच लागू पडते.

प्रवाह कसा उत्पन्न होतो

कोॲक्स केबलला मधली तार आणि जाळी असे दोनच वाहक दिसतात, परंतु उच्च वारंवारतेला तिच्यात तीन वाटा असतात. वारंवारता वाढते तसा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात एकवटतो, ७.१ मेगाहर्ट्झला तांब्यातील या थराची खोली सुमारे ०.०२५ मिलिमीटर भरते. त्यामुळे जाळीच्या आतल्या अंगावरचा प्रवाह आणि बाहेरच्या अंगावरचा प्रवाह एकमेकांपासून जवळजवळ स्वतंत्र राहतात. मधल्या तारेवरचा आणि जाळीच्या आतल्या अंगावरचा प्रवाह सारखे पण उलट दिशांचे असतात. त्यांचे क्षेत्र केबलच्या आत कोंडलेले राहते आणि संदेश त्याच वाटेने जातो. तिसरी वाट, म्हणजे जाळीचे बाहेरचे अंग, ही मात्र हवेत लोंबणाऱ्या साध्या तारेसारखी असते.

डायपोलच्या, म्हणजे दोन सारख्या बाहूंच्या तारेच्या अँटेनाच्या, मध्यावर केबल थेट जोडली की मधली तार एका बाहूला आणि जाळी दुसऱ्या बाहूला जाते. जाळीच्या आतून वर आलेल्या प्रवाहासमोर त्या जोडावर दोन मार्ग असतात: आपल्या बाहूत शिरणे किंवा जाळीच्या काठावरून वळून बाहेरच्या अंगाने खाली उतरणे. किती प्रवाह कुठे जाईल हे त्या बाहेरच्या वाटेचा अवरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, किती आहे यावर ठरते, आणि तो अवरोध केबलच्या लांबीवर अवलंबून असतो. केबलचे खालचे टोक जमिनीशी जोडलेले असेल आणि बाहेरच्या वाटेची एकूण लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत असेल, तर जोडापाशी अवरोध कमी पडतो आणि प्रवाह सुसाट उतरतो. तीच लांबी पाव तरंगलांबीच्या विषम पटीत असेल तर अवरोध वाढतो. ७.१ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी सुमारे २१ मीटर आहे. ही मोजणी करताना एक चूक वारंवार होते. घन पॉलिथिनच्या केबलचा ०.६६ हा वेगगुणक (केबलमधला वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट आहे तो आकडा) फक्त आतल्या संदेशाला लागू होतो. बाहेरच्या अंगावरचा प्रवाह मुख्यतः हवेच्या सान्निध्यात वाहतो, म्हणून त्याचा वेग मोकळ्या तारेवरच्या वेगाच्या जवळपास असतो.

असंतुलनाची इतर कारणे अँटेनाच्या मांडणीत असतात. गच्चीवरच्या लोखंडी पाइपाला मध्य बांधून एक टोक कडुलिंबाच्या फांदीला आणि दुसरे पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्याला अडकवलेला इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच आणि दोन्ही बाहू खाली उतरते असलेला डायपोल) कागदावर सममित असतो. प्रत्यक्षात त्याचा एक बाहू स्लॅबमधल्या सळयांच्या जवळ आणि दुसरा मोकळ्या हवेत असतो. केबल डायपोलपासून काटकोनात खाली न आणता एका बाहूच्या खालून तिरपी नेली तर त्या बाहूचे क्षेत्र तिच्यात प्रवाह प्रवर्तित करते, आणि जोडापाशी कितीही चांगला चोक (बाहेरचा प्रवाह अडवणारे साधन, त्याचे वर्णन पुढे आहे) बसवला तरी हा प्रवाह त्याच्या खालच्या लांबीत उत्पन्न होतो. मध्याबाहेर फीड दिलेल्या डायपोलमध्ये आणि टोकाला फीड दिलेल्या अर्धतरंग तारेमध्ये असंतुलन मांडणीतच असते.

एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांची जुळणी किती चांगली आहे हे दाखवणारे गुणोत्तर) कमी आहे म्हणून कॉमन मोड प्रवाह नाही, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. मीटर रिगसमोर येणारा एकूण भार मोजतो, आणि प्रक्षेपण करणारी केबलही त्या भाराचा भाग असते. केबलवर हात ठेवला किंवा ती जागची हलवली की मीटरचा काटा बदलत असेल, तर जाळीच्या बाहेरून प्रवाह वाहत आहे असे खुशाल समजावे.

अर्थिंग आणि काळी जमीन

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांच्या मोठ्या भागात बेसाल्टच्या खडकावर काळी चिकण माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि वीज चांगली वाहते. उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला खोल भेगा पडतात. सळईभोवतीची माती सुटली की सळईचा जमिनीशी स्पर्श कमी होतो. डोंगराळ तालुक्यांत मातीचा थर पातळ असून लगेच मुरूम आणि खडक लागतो, तिथे सळई पुरेशी खोल जातच नाही. म्हणून आषाढात शांत असलेले केंद्र वैशाखात बिघडले की दोष जमिनीवर येतो, आणि कोळसा-मीठ घालून खड्ड्यात पाणी सोडले जाते. एखाद्या वेळी त्रास खरोखर कमी होतो, कारण बाहेरच्या वाटेचा अवरोध बदललेला असतो. तो उलट दिशेनेही बदलू शकला असता.

अर्थिंगची मूळ अडचण मात्र मातीत नसून तारेत आहे. सरळ तारेचे प्रवर्तन (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरले, तर पहिल्या मजल्यावरून उतरणाऱ्या ५ मीटरच्या अर्थ तारेचा प्रवर्तनी अवरोध ५० हर्ट्झला ०.००२ ओहमपेक्षाही कमी असतो, पण ७.१ मेगाहर्ट्झला तो २०० ओहमच्या वर जातो. शॅक, म्हणजे रिग ठेवलेली खोली, आणखी वर असेल आणि तार १०.५ मीटरच्या आसपास असेल, तर ती त्या वारंवारतेला पाव तरंगलांबीची होते. खाली जमीन उत्तम असली तरी अशा तारेच्या वरच्या टोकाला अवरोध प्रचंड असतो, म्हणजे रेडिओ वारंवारतेच्या दृष्टीने रिग अधांतरीच राहतो. शिवाय ही तार स्वतः खरखर पकडणारी आणि प्रक्षेपण करणारी आणखी एक अँटेना ठरते.

यावरून अर्थिंग काढून टाकावे असा अर्थ कोणी घेऊ नये. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा पडून माणसे आणि जनावरे दगावतात. मास्ट (अँटेनाचा खांब) आणि केबलची जाळी घरात शिरण्याआधी अर्थ झालीच पाहिजे, आणि ही सळई घराच्या विद्युत अर्थिंगशी जाड वाहकाने जोडलेली असली पाहिजे. वेगळी, न जोडलेली सळई जीवघेणी ठरू शकते, कारण वीज पडल्यावर दोन अर्थिंगमध्ये मोठा विद्युत्दाब निर्माण होतो आणि रिगला हात लावलेला माणूस त्या दोहोंच्या मध्ये असतो. आभाळ भरून आले की केबल रिगपासून काढून बाहेर ठेवणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. चोक विजेपासून संरक्षण देत नाही.

चोक

कॉमन मोड प्रवाहाला जमिनीकडे वाट काढून देण्यापेक्षा त्याची वाटच अडवणे हे चोकचे तत्त्व आहे. फेराइटच्या (लोह ऑक्साइडपासून बनवलेल्या चुंबकीय सिरॅमिकच्या) कड्यावर कोॲक्स गुंडाळली की आतल्या दोन सारख्या व उलट प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना छेदून नाहीसे होते आणि संदेशाला फेराइट जाणवतच नाही. बाहेरच्या प्रवाहाला मात्र मोठा अवरोध भेटतो. स्वित्झर्लंडमधील ब्राउन बोव्हेरी कंपनीचे अभियंता गुस्ताव्ह ग्वानेला यांनी १९४४ मध्ये प्रेषण तारांच्या गुंडाळीवर आधारलेली रचना मांडली, आणि आजचा १:१ करंट बालून तिच्यातूनच आला आहे. अमेरिकन हौशी रेडिओचालक वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९८३ मध्ये कोॲक्सवर फेराइटचे मणी ओवण्याची सोपी पद्धत लोकप्रिय केली. संतुलित अँटेना असंतुलित केबलला जोडणाऱ्या साधनाला बालून म्हणतात, पण हा शब्द बाजारात सैलपणे वापरला जातो. व्होल्टेज बालून दोन्ही बाहूंवरचे विद्युत्दाब सारखे करतो, प्रवाह सारखे करत नाही, त्यामुळे या कामाला तो उपयोगी नाही.

चोकचा अवरोध निदान ५०० ओहम असावा असा जुना ठोकताळा आहे, पण खरखर रोखायची असेल तर काही हजार ओहमचे लक्ष्य ठेवणे शहाणपणाचे ठरते. जास्त अवरोधाचा चोक कमी तापतो, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. १०० वॉट शक्तीला ५० ओहमच्या केबलवर सुमारे ७० व्होल्ट असतात. त्याच्या निम्मा, म्हणजे ३५ व्होल्टचा दाब चोकवर आला असे धरले, तर ५०० ओहमच्या चोकमध्ये सुमारे २.५ वॉट आणि ५,००० ओहमच्या चोकमध्ये फक्त पाव वॉट उष्णता निर्माण होते. मध्याबाहेर फीड दिलेल्या अँटेनात हा दाब कित्येक पट वाढतो. फेराइट ठरावीक तापमानापलीकडे आपले चुंबकीय गुण गमावते, आणि मे महिन्यात लातूर किंवा नांदेडच्या गच्चीवर काळ्या डबीत बंद केलेला चोक प्रक्षेपण सुरू होण्याआधीच तापलेला असतो. डबी पांढरी असावी, शक्यतो सावलीत टांगावी आणि तिला खालून छिद्र ठेवावे.

३.५ आणि ७ मेगाहर्ट्झसाठी ३१ क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाचे सुमारे ६१ मिलिमीटर बाह्य व्यासाचे कडे आणि त्यावर बारीक कोॲक्सचे १२ ते १४ फेरे ही रचना चांगली चालते. २८ मेगाहर्ट्झकडे जाताना फेरे कमी करावे लागतात, कारण फेऱ्यांमधली धारिता चोकची अनुनाद वारंवारता खाली ओढते. अनुनादाच्या बऱ्याच खाली अवरोध फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच केबलवर नुसते चिमटीचे फेराइट अडकवले, म्हणजे एकच फेरा दिला, तर ७ मेगाहर्ट्झला फारसे काही पदरात पडत नाही. फेराइटच्या अवरोधातला रोधाचा, म्हणजे शक्ती उष्णतेत घालवणारा, भाग मोठा असणे महत्त्वाचे आहे. निव्वळ प्रवर्तनी अवरोध केबलच्या धारक अवरोधाशी जुळला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्रवाह उलट वाढतो. पाइपावर पाच-सहा मीटर कोॲक्स गुंडाळून केलेल्या हवेच्या चोकचा हाच दोष आहे. तो एका बँडवर उत्तम आणि दुसऱ्यावर निरुपयोगी ठरतो.

जिल्ह्याच्या गावी योग्य मिश्रणाचे कडे हाती लागणे कठीण असल्याने भंगारातल्या सुट्या भागांवर काम भागवण्याचा मोह होतो. जुन्या टीव्हीच्या डिफ्लेक्शन योकमधले फेराइट कधी कधी चांगले निघते, मात्र ते आधी तपासून पाहिले पाहिजे. संगणकाच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी लोहचूर्णाची असतात. ती चोकसाठी वापरू नयेत.

चोकची पहिली जागा अँटेनाच्या जोडापाशी आहे. दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे बसवला तर घरातील खरखर केबलवर चढण्याआधीच अडते, आणि केबलच्या मधल्या लांबीत प्रवर्तित झालेला प्रवाहही शॅकपर्यंत येत नाही. टोकाला फीड दिलेल्या तारेत जुळणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी तोंडाशी चोक लावताना जवळच छोटी काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची) तार द्यावी, नाहीतर प्रवाहाला परतीची वाट उरत नाही.

खरखरीचा शोध

फेराइटचे दोन अर्धे भाग केबलभोवती मिटवून, त्यावर काही फेऱ्यांची दुय्यम गुंडाळी, डायोड आणि लहान मीटर जोडले की कॉमन मोड प्रवाह मोजणारे साधन घरीच तयार होते. केबलच्या लांबीवरून ते सरकवत नेले की प्रवाहाचे चढउतार दिसतात.

ऐकण्यातल्या त्रासासाठी रिग बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि एस मीटर (येणाऱ्या संदेशाची ताकद दाखवणारा रिगचा मीटर) पाहावे. एक एस अंश ६ डेसिबलचा मानला जातो. एस ८ वरची खरखर एस ४ वर आली तर २४ डेसिबलचा त्रास घरातूनच येत होता हे सिद्ध होते. मग एकेक एमसीबी चालू करत दोषी शोधावा. लोडशेडिंगची वेळ या कामाला फार सोयीची असते, मात्र इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नये. घर निर्दोष निघाले तर मध्यम लहरींवर रिकाम्या जागी लावलेला ट्रान्झिस्टर हातात घेऊन शिवारात फिरावे: सौर कृषी पंपाचा नियंत्रक दिवसभर एकसारखा गुणगुणतो आणि सूर्य मावळताच थांबतो, तर ११ केव्ही वाहिनीवरच्या सैल झालेल्या जोडांची तडतड कोरड्या हवेत वाढते आणि चांगला पाऊस झाला की बहुधा कमी होते. थेट अँटेनात शिरणारी अशी खरखर चोक रोखू शकत नाही. तिचा बंदोबस्त उगमापाशीच करावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संपर्काची व्यवस्था उभारली होती. अशा तात्पुरत्या केंद्रात अर्थिंगला वेळ नसतो, अँटेना मिळेल त्या झाडाला तिरपी बांधली जाते, आणि जनरेटर केबलपासून दहा पावलांवर चालू असतो. केबलच्या दोन्ही टोकांना आधीच बसवून ठेवलेले चोक तिथे सर्वाधिक उपयोगी पडतात, कारण त्यांना जमीन लागत नाही.