टर्बोचं सील गेलंय असं वाटतंय? आधी ड्रेन बघा, मग टर्बो काढा
(घरी ड्रॅग बाइक, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीची बाइक, बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

टर्बो बसवला, बाइक स्टार्ट झाली, दोन मिनिटांत मागून निळसर धूर, कॉम्प्रेसरच्या पाइपात बोट घातलं तर तेल. लगेच आम्हाला मेसेज येतो की सील लीक आहे, बदलून द्या. मग तो टर्बो आमच्याकडे येतो, आम्ही उघडतो, शाफ्टचा प्ले मोजतो, रिंगा बघतो, आणि बहुतेक वेळा आत काहीच बिघडलेलं नसतं. तो परत जातो, त्याच जागी त्याच ड्रेनला (टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणारी नळी) लागतो आणि पुन्हा तसाच धूर मारतो. आमचा वेळ जातो ते ठीक आहे पण तुमचा सीझन चालू असतो आणि बाइक स्टँडवर उभी. कॉम्प्रेशन कमी करायला स्पेसर लावणं, हेडर (इंजिनापासून टर्बोपर्यंतचा एक्झॉस्ट पाइप) बनवणं, वेस्टगेटची (टर्बोच्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंग निवडणं हे तुम्हाला येतं असं धरून चाललोय, इथे फक्त तेलाचं बोलू.

टर्बोमध्ये फोर्कला असतं तसं रबरी ऑइल सील नसतंच. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, एका बाजूला लालभडक टर्बाइन, तिथे रबर टिकणार कसं. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते आणि ती तेल अडवते ते बऱ्याच अंशी बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जोरावर. तेल वरून प्रेशरने आत येतं पण खाली जाताना त्याला काहीच प्रेशर नसतं, बेअरिंगमधून जाताना त्याचा हवेबरोबर फेस होतो आणि तो फेस निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली पडायचा असतो. बेसिन तुंबलं की पाणी जसं वर चढतं तसं ड्रेन अडला की तेल बेअरिंग हाउसिंगमध्ये साठतं आणि रिंगांच्या फटीतून बाहेर येतं. म्हणजे सील गेलेलं नाही, त्याला नको ते काम दिलंय.

कारमध्ये हा त्रास कमी कारण टर्बो सहसा संपच्या (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) बराच वर असतो. बाइकमध्ये जागा कुठे आहे? हेडर पुढून खाली येतो, टर्बो इंजिनच्या पुढे पुढच्या चाकामागे बसतो, आणि बऱ्याचदा त्याचं ड्रेनचं तोंड क्रँककेसमधल्या तेलाच्या पातळीच्या खाली जातं. तेल वर चढून परत जाईल ही अपेक्षाच चुकीची. कंपन्यांनाही हे चुकलं नाही, कावासाकीने जीपीझेड 750 टर्बो काढली (1984 चं मॉडेल) तेव्हा टर्बो पुढे खाली घेतला आणि तेल खेचून परत न्यायला वेगळा स्कॅव्हेंज पंप दिला. एवढ्या मोठ्या कंपनीने जे टाळलं नाही ते आपण घरच्या गॅरेजमध्ये का टाळायचं हे आम्हाला कळत नाही.

आता तुमच्या बाइकवर बघा. गाडी सरळ उभी करा, गरम करून बंद करा, थोडं थांबून तेलाची पातळी बघा आणि त्या उंचीला एक पट्टी आडवी धरा. ड्रेन जिथे इंजिनला परत जोडलाय ते भोक त्या पट्टीच्या वर पाहिजे आणि टर्बोचं तोंड त्याच्याही वर, आणि मधली नळी कुठेही पोटात न लोंबता सतत उतरती. नळी आतून निदान 12 मिमी मोकळी पाहिजे, डॅश टेन (होजच्या मापाचा नंबर) घ्या, बारीक डॅश सिक्स बसतंय म्हणून ते लावू नका. टर्बोचं ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून 35 अंशांपेक्षा जास्त तिरकं नको, टर्बो फ्रेमला लागतोय म्हणून बरेच जण तो फिरवतात आणि इथेच गडबड होते. नव्वद अंशाचा एल्बो तर विसराच. ड्रेनच्या फ्लँजला सिलिकॉन भरभरून लावायची सवय पण सोडा, ते आत दाबलं जातं आणि भोक अर्धं बुजतं, आलेल्या टर्बोंमध्ये हे आम्ही बघतोच, कागदी गॅस्केट पुरतं.

आणि तेल जास्त भरू नका. कारण समजतं, लाइनवरून सुटताना सगळं तेल मागे धावतं, पिकअप (तेल ओढणारं पंपाचं तोंड) उघडा पडला तर क्रँकची बेअरिंगं जातात, म्हणून माणूस खबरदारी म्हणून अर्धा लिटर वर टाकतो. पण त्याने ड्रेनचं भोक तेलात बुडतं आणि मग कितीही चांगला टर्बो लावा धूर येणारच. पिकअपसाठी उपाय म्हणजे संपमधले बॅफल (तेल धावू न देणारे आडवे पत्रे) किंवा खोल संप. ड्रेन पुढच्या बाजूला जोडलेला असेल आणि धूर नेमका फिनिशच्या पुढे ब्रेक मारल्यावर येत असेल तर तेही हेच, ब्रेकला तेल पुढे येतं आणि भोक झाकतं. रन चालू असताना स्वच्छ आणि ब्रेकला धूर असं कोणी सांगितलं की आम्ही टर्बो मागवतच नाही.

ज्यांचा टर्बो खाली आहे (म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांचा) त्यांना स्कॅव्हेंज पंप लागतोच, यात आमची विक्री होते हे मान्य पण त्याशिवाय चालत नाही हेही खरं. टर्बोच्या खाली सरळ उतार, त्याखाली छोटा पॉट म्हणजे फेस बसायला जागा मिळते, पॉटच्या तळातून पंप तेल खेचतो आणि क्रँककेसमध्ये तेलाच्या पातळीच्या वर सोडतो, क्लच कव्हरचा वरचा भाग किंवा फिलर कॅप सोयीची पडते. पंप गिअर टाइपचा आणि गरम तेलाचा घ्या, पेट्रोल पंप लावून बघू नका. त्याला वेगळा रिले वेगळा फ्यूज. इंजिन बंद केल्यावर पंप अर्धा-एक मिनिट चालू राहिला पाहिजे, किल स्विचबरोबर तोही बंद झाला की गरम टर्बोत तेल साचून राहतं आणि पुढच्या स्टार्टला धुराचा लोट. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच धूर असेल तर मात्र पंप नाही, फीडच्या (टर्बोला तेल आणणाऱ्या) नळीतून रात्रभर तेल उतरून टर्बो भरतोय, फीडला छोटा चेक वॉल्व्ह (प्रेशर आल्यावरच उघडणारी झडप) टाका. आमच्या किटमध्ये पॉट, पंप, रिलेचं वायरिंग आणि चेक वॉल्व्ह येतं, सगळं वेगवेगळं जमवलंत तरी आमची हरकत नाही फक्त एकही गोष्ट गाळू नका.

फीडबद्दल थोडक्यात. बॉल बेअरिंग टर्बोला साधारण 1 मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारं बारीक भोक) लागतो, काहींमध्ये तो आतच असतो, वर आणखी एक लावला तर टर्बो कोरडा पडेल, म्हणून आधी विचारा. जर्नल बेअरिंगला (आत बॉलऐवजी साधं बुश) सहसा नको. कावासाकी झेड 1 किंवा सुझुकी जीएस 1000 सारखी जुनी रोलर बेअरिंग क्रँकची इंजिनं असतील तर त्यांचं तेलाचं प्रेशर मुळातच कमी असतं, तिथे काही ठरवायच्या आधी गरम इंजिनवर गेज लावून मोजा. हायाबुसासारख्या प्लेन बेअरिंगच्या इंजिनाचा हिशोब वेगळा. फीड ऑइल प्रेशर स्विचच्या जागेवरून घेत असाल तर जपानी बाइकवर त्याचा आटा सहसा बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा) असतो, एनपीटी (अमेरिकन मापाचं) फिटिंग एकदोन फेरे सहज जातं आणि मग पाना लावून आवळलं की केस चिरते, एका इंचात 28 आटे आणि 27 आटे एवढाच फरक पण केस महाग पडते. टेफ्लॉन टेप नको, त्याचा तुकडा 1 मिमीच्या भोकात बरोब्बर जाऊन बसतो.

हे सगळं बरोबर असूनही फक्त बूस्टवरच धूर येतोय? मग क्रँककेसमध्ये प्रेशर होतंय. बूस्ट वाढला की पिस्टनच्या रिंगांवरून खाली येणारा गॅस वाढतो, मूळचा बारीक ब्रीदर (क्रँककेसचा गॅस बाहेर सोडणारी नळी) पुरत नाही आणि ते प्रेशर ड्रेनला उलट ढकलतं. जाड नळीने कॅच कॅनला (गॅसबरोबर येणारं तेल धरणारा डबा) ब्रीदर काढा. तरी डिपस्टिकच्या कडेने तेल येत असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते) टेस्ट करा, कारण लीन (पेट्रोल कमी पडत) चालवून नॉकिंगमध्ये पिस्टनचा रिंगलँड (दोन रिंगांमधला काठ) तुटला की पहिली तक्रार टर्बोच्या सीलचीच येते. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) न लावता बूस्ट वाढवणाऱ्यांना हे लागू. पूर्ण बूस्टवर पेट्रोलला हे प्रमाण 11.5 च्या आसपास ठेवा, ते जमेपर्यंत वेस्टगेटच्या स्प्रिंगवरच चालवा, बूस्ट कंट्रोलर डब्यात ठेवा.

टर्बो काढायच्या आधी एक टेस्ट. ड्रेनची नळी इंजिनकडून सोडा, ते भोक बुजवा, नळी सरळ खाली स्वच्छ डब्यात सोडा आणि आयडलला अर्धा मिनिट चालवा, तेलाचं प्रेशर आणि डबा दोन्हींवर नजर ठेवून. एक्झॉस्टमध्ये आधीचं तेल साचलेलं असतं ते जळेपर्यंत धूर राहणार, म्हणून डाउनपाइप काढून टर्बाइनच्या तोंडाशी पुसून मग बघा. कोरडं राहिलं तर दोष ड्रेनचा. टर्बाइनच्या आधीच हेडर आतून ओला असेल तर तेल इंजिनातून येतंय, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. आणि डब्यात तेल मोकळं पडत असूनही टर्बो ओला होत असेल तर तो आमच्याकडे द्या, तो आम्ही बघतो आणि बेअरिंग आमच्या कामामुळे गेलं असेल तर बदलूनही देतो.

टर्बो परत घ्यायच्या आधी आम्ही फोटो मागतो त्याचा काही जणांना राग येतो, टाळाटाळ करताय असं वाटतं. टर्बो आला की तो उघडायचा, धुवायचा, परत बॅलन्स करायचा, हे सगळं करून निकाल ‘टर्बो ठीक आहे’ असा लागला तर बिल तुम्हालाच लागतं, ते वाचावं म्हणून फोटो. बाइक सरळ उभी असताना बाजूने पूर्ण ड्रेन दिसेल असा एक, नळी इंजिनला जिथे जोडलीय तिथला एक आणि पट्टी धरून तेलाची पातळी दाखवणारा एक. सोबत धूर कधी येतो ते लिहा, आयडलला, बूस्टवर, ब्रेकला की पहिल्या स्टार्टला, आणि वरची टेस्ट केली असेल तर काय दिसलं तेही. नळीच्या क्लिपा मात्र फोटो काढायच्या आधीच तपासा, मागच्या टायरवर तेल आलं तर टर्बोचा विषयच राहत नाही, आणि बऱ्याच स्ट्रिपवर इंजिनाखाली तेल धरणारा पॅन लागतो, नसेल तर तोही आम्ही बाइकच्या मापाने बनवून देतो.