जळणातल्या फळीची गिटार

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनं घर पाडलं की सागाची दारं-चौकटी वखारीत येऊन पडतात, आणि यंत्रांसोबत आलेल्या पाइनच्या पेट्या थेट चुलीत जातात. या दोन्हींतून उत्तम अकूस्टिक गिटार बनू शकते.

1862 साली स्पेनचे गिटार-कारागीर अंतोनिओ दे तोरेस यांनी एका गिटारची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या केल्या. वरची फळी तेवढी लाकडाची ठेवली. आवाज त्या फळीचा असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. 1995 मध्ये अमेरिकेत गिटार बनवणाऱ्या बॉब टेलर यांनी टाकाऊ पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) लाकडाची गिटार घडवली, तीही छान वाजते.

नुसती तार फारशी हवा हलवत नाही. तिचा कंप घोडीतून (तारा फळीवर टेकतात त्या लाकडी तुकड्यातून) वरच्या फळीत उतरतो आणि फळी हवा ढकलते. त्यासाठी फळी हलकी हवी; पण सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे 70 किलोंचा ताण पेलण्याइतकी ताठही हवी. पाइन इथे शोभतो. साग जड, तो पाठीला आणि मानेला वापरावा. मात्र सागात तेल असतं, म्हणून सरस लावण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्यावा.

पेटीतली फळी निवडताना तिचं कापलेलं टोक बघा. वर्षवलयांच्या रेषा जवळजवळ उभ्या हव्यात, गाठ नको. मग टोकापासून साधारण पाव अंतरावर चिमटीत धरून मधोमध टिचकी मारा. चांगली फळी खणखणते, ओली किंवा तडकलेली भद्द वाजते. रुंद फळी मिळत नसेल तर अरुंद पट्ट्या कडेला कड लावून चिकटवा; सांधा घट्ट असला की आवाजाचं काही बिघडत नाही.

रंधा मारताना घाई नको. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 3 मिलिमीटरची फळी 2.7 केली, तर जाडी 10 टक्केच घटते, पण ताठपणा 27 टक्के जातो. थोडं घासा, टिचकी मारा, पुन्हा ऐका.

आपल्याकडे खरी परीक्षा हवामानाची. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं-आकसतं. 40 सेंटिमीटर रुंदीत पावसाळा ते उन्हाळा दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. श्रावणात फुगलेली फळी चिकटवली, तर मे महिन्याच्या 45 अंशांत ती आकसू पाहते, तिला आतून आधारासाठी चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या तिला सोडत नाहीत आणि ती चिरते. कोरड्या दिवसांत जोडलेली फळी पावसात थोडी फुगून वर येते, पण फुटत नाही. म्हणून फळ्या घरात वाळत ठेवाव्यात आणि चिकटवण्याचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावं.