भट्टीचा श्वास आणि डेट्रॉईटच्या टाइल्स

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर तळहाताएवढी एक चौकोनी टाइल आहे. भाचीने डेट्रॉईटहून आणलेली. नदीकाठच्या उंच इमारतींची रांग तिच्यावर उठावात आहे आणि खाली पाण्याच्या तीन आडव्या रेघा. सकाळचं ऊन पडलं की ती हिरवट-निळी दिसते. जरा तिरकी धरली की त्या हिरव्यातून तांबूस-जांभळी झाक सरकत जाते, कबुतराच्या मानेवर सरकते तशी. पहिल्या दिवशी मी ती नखाने खरवडून पाहिली, ओल्या फडक्याने पुसून पाहिली. झाक जागची हलली नाही. हलणार कशी? भट्टी तापताना आणि निवताना आत हवा किती होती, याची ती कायमची नोंद आहे.

डेट्रॉईट म्हटलं की आपल्याला मोटारी आठवतात. वाहन उद्योगातली बरीच मराठी मंडळी त्या शहराच्या आसपास राहतात, भाचीचं घरही त्यातलंच एक. पण मोटारींच्या दोनशे वर्षं आधी हे नदीकाठचं एक ठाणं होतं. १७०१ साली कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्याने ते वसवलं. दोन सरोवरांना जोडणाऱ्या अरुंद जलमार्गाला फ्रेंचमध्ये ‘देत्रुआ’ म्हणतात, तेच गावाचं नाव झालं. पलीकडचा काठ आज कॅनडाचा, विंडसर शहराचा. आणि नदी तिथे अशी वळली आहे की डेट्रॉईटच्या मध्यवस्तीतून कॅनडाला जायचं तर चक्क दक्षिणेकडे जावं लागतं. हे ठाणं १७६० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं, १७९६ मध्ये अमेरिकेकडे आलं, १८१२ च्या युद्धात पुन्हा वर्षभर इंग्रजांच्या हाती पडलं. १८०५ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव भस्मसात झालं. पुढे गुलामीतून पळालेली माणसं रात्री होडीत बसून हीच नदी ओलांडायची आणि पलीकडे मोकळा श्वास घ्यायची.

या शहराच्या भिंतींवर गेली शंभरेक वर्षं ज्या टाइल्स बसत आल्या, त्यांच्या मागे एक बाई आहेत. मेरी चेस पेरी. जन्म १८६७, गाव हँकॉक. हे गाव मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, किवेना द्वीपकल्पावर आहे. तिथे तांबं खनिजातून वितळवून काढावं लागत नसे, खडकात ते शुद्ध धातूच्या रूपातच सापडे. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून ते ठोकून हत्यारं आणि दागिने करत आले होते. हँकॉकजवळच्या एका तांब्याच्या खाणीचं नाव होतं ‘पेवाबिक’, तिथल्या मूळ रहिवाशांच्या ओजिब्वे भाषेतल्या ‘धातू’ या अर्थाच्या शब्दाशी नातं सांगणारं. मेरीबाईंनी १९०३ मध्ये डेट्रॉईटमध्ये एका जुन्या तबेल्यात कारखाना थाटला, तेव्हा त्याला हेच माहेरच्या खाणीचं नाव दिलं.

भागीदार होते त्यांचे शेजारी होरेस कॉल्किन्स. त्यांचा धंदा दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवण्याचा. चिनीमातीचे दात भाजायला लागणारी भट्टी ते बनवत, आणि तीच सुधारून दोघांनी कलाकारांसाठी रॉकेलवर चालणारी ‘रेव्हलेशन’ भट्टी बाजारात आणली. मला या गोष्टीतला हा दुवा फार मोलाचा वाटतो. कृत्रिम दात शेजारच्या खऱ्या दाताच्या छटेशी जुळला पाहिजे, नाहीतर माणूस हसला की चोरी उघडी पडते. म्हणून त्या भट्टीत उष्णता सारखी आणि हातात राहणारी हवी. ज्या अचूकपणाने दात पांढरा राखला जायचा, तोच अचूकपणा मेरीबाईंना रंगासाठी मिळाला.

आता ग्लेझकडे येऊ. बरणीवरची किंवा टाइलवरची चकाकी म्हणजे काचेचा पातळ थर. वाळूतली सिलिका हा काचेचा सांगाडा, पण ती एकटी वितळायला १,७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. सोडा, चुना, शिसं असे पदार्थ मिसळले की ती कितीतरी कमी तापमानाला वितळते. सोबत थोडी अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड, हवी, नाहीतर पातळ झालेला ग्लेझ उभ्या भिंतीवरून ओघळून खाली येतो. भाजण्याआधी हे सगळं पाण्यात कालवलेल्या पिठासारखं दिसतं. हिरवी होणारी टाइल भट्टीत जाताना राखाडी असू शकते. कारागिराला रंग डोळ्यांनी दिसत नसतो, तो त्याला मनात धरावा लागतो.

रंग येतो धातूंच्या ऑक्साइडमुळे. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळट-तपकिरी, लोखंडाने मधापासून काळ्यापर्यंत काहीही. आणि तांब्याने? तांब्याची गंमत स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिली आहे. चिंचेने घासलेला हंडा लालबुंद दिसतो, चुलीवर चढवला की काळा पडतो, ताक ठेवलं तर कळकतं आणि हिरवट होतं. धातू तोच, त्याच्याशी कोण जोडलं गेलं यावर रंग ठरतो. ग्लेझमध्येही असंच होतं. भट्टीत हवा भरपूर असेल तर तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून काचेत विरघळतो आणि हिरवा रंग देतो. काचेत सोडा-पोटॅश जास्त असेल तर तोच फिरोजी होतो. हवा कोंडली तर तांबं लालाकडे वळतं.

हवा कोंडणं म्हणजे काय, ते गॅसच्या शेगडीवर दिसतं. ज्योत निळी आहे तोवर भांड्याचं बूड स्वच्छ. बर्नरची भोकं बुजली, हवा कमी पडली, की ज्योत पिवळी होते आणि बुडाला काजळी धरते. भट्टीत मुद्दाम अशीच अवस्था आणतात. अर्धवट जळलेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ऑक्सिजनची भूक असते. हवेतून मिळाला नाही तर तो ग्लेझमधल्या धातूकडचा ओढून घेतो. शाळेत शिकलेलं ‘क्षपण’ ते हेच. तांब्याचे किंवा चांदीचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, पुन्हा धातू बनतात आणि काचेच्या आत त्यांचे बारीक कण जमतात, एकआकडी नॅनोमीटरपासून दोनआकडी नॅनोमीटरपर्यंतचे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतक्या लहान कणावर प्रकाश पडला की त्यातले सुटे इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावतात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतात. उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

सरकत्या झाकेचं गुपित याच्या पुढे आहे. हे कण सगळ्या ग्लेझभर पसरले नाहीत, पृष्ठभागाच्या अगदी खाली पातळ थरात जमले, तर थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग एकमेकांना बळ देतात, काही पुसून टाकतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर जे इंद्रधनुष्य दिसतं, त्याच्यामागेही हेच कारण. थराची जाडी मायक्रोमीटरहूनही कमी असते, आणि नजरेचा कोन बदलला की किरणांचा आतला प्रवास बदलतो, म्हणून रंगही बदलतो. नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी ही विद्या कमावली होती. इलेक्ट्रॉन कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण धूर किती वेळ कोंडायचा हे त्यांच्या हातांना कळत होतं.

मेरीबाईंपर्यंत ही ओढ पोचली ती चार्ल्स लँग फ्रीअर यांच्यामुळे. रेल्वेचे डबे बनवण्याच्या धंद्यात श्रीमंत झालेला हा डेट्रॉईटचा गृहस्थ आशियातली जुनी मृत्पात्रं जमवायचा. पुढे त्याच संग्रहासाठी वॉशिंग्टनमध्ये फ्रीअर गॅलरी उभी राहिली. सीरियातल्या रक्का इथली मातीत पुरली गेलेली भांडी त्याच्याकडे होती, मोरपंखी चमकणारी. अभ्यासकांनी नंतर जे उलगडलं ते मला विलक्षण वाटतं. रक्काच्या पुष्कळ भांड्यांवरची ती चमक कुंभाराची नव्हेच. शेकडो वर्षं ओल्या मातीत पडून ग्लेझमधले क्षार पाण्याने धुऊन नेले, मागे सिलिकेचे पापुद्रे उरले आणि त्या पापुद्र्यांनी प्रकाश फोडला. काळाने सावकाश केलेलं काम मेरीबाईंनी भट्टीत काही तासांत करायचा ध्यास घेतला आणि स्वतःचे इंद्रधनुषी ग्लेझ शोधून काढले. त्यांची सूत्रं त्या जिवापाड जपत.

१९०७ मध्ये कारखाना जेफरसन अव्हेन्यूवरच्या नव्या इमारतीत गेला. ती उभारणारे वास्तुविशारद विल्यम स्ट्रॅटन, त्यांच्याशी मेरीबाईंनी १९१८ मध्ये लग्न केलं. त्या १९६१ पर्यंत जगल्या. इमारत आजही आहे, आणि तिथे आजही टाइल्स घडतात.

टाइल करायला भांड्यापेक्षा सोपी वाटते, पण सपाट वस्तू मातीला मानवत नाही. ओल्या मातीतलं पाणी उडालं आणि ती भाजली गेली की ती दहा-बारा टक्क्यांनी आक्रसते. कडा आधी सुकतात, मधला भाग मागे राहतो आणि टाइल पापडासारखी वळते. म्हणून माती प्लास्टरच्या साच्यात सारख्या जोराने दाबायची, साच्याला पाणी पिऊ द्यायचं, मग सावकाश, झाकून, उलटसुलट करत वाळवायचं. निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसला तर काचेला बारीक तडे जातात. काच किंचित कमी आक्रसली तर उत्तम, कारण मग ती मातीच्या पकडीत दाबली राहते. काच दाब सोसते, ताण तिला झेपत नाही.

ही शिस्त डेट्रॉईटसारख्या गावात फार उपयोगी पडते. १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या गार्डियन बिल्डिंगच्या प्रवेशद्वारावर पेवाबिकच्या टाइल्सचा अर्धघुमट आहे. वास्तुविशारद होते वर्ट रोलंड, आणि टाइलकामात मेरीबाईंचा त्यांना हात होता.  हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली उतरतो आणि पुन्हा वर येतो, वारंवार. टाइलच्या छिद्रांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि आतून पाचर ठोकल्यासारखं करतं. त्यात भर मिठाची. डेट्रॉईटच्या पोटात सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे, आणि बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठच टाकतात. ते विरघळून भिंतीत मुरतं, सुकताना छिद्रांमध्ये स्फटिक धरतं आणि ग्लेझ ढलपीसारखा उडवतं. कोकणात खाऱ्या वाऱ्याने गिलावा फुगलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. यावर उपाय मातीतच आहे. ती इतकी भाजायची की कण एकमेकांत वितळून छिद्रं बुजतील आणि पाण्याला शिरायला वाट उरणार नाही.

१९८७ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत उंचावरून फिरणारी ‘पीपल मूव्हर’ ही छोटी रेल्वे सुरू झाली. तिची स्थानकं कलाकृतींनी सजवली, आणि संस्थापकाच्या नावाच्या कॅडिलॅक सेंटर स्थानकात पेवाबिकच्या टाइल्सचं काम मेरी चेस स्ट्रॅटन यांच्या स्मरणार्थ केलं आहे. भाची कामावर जाताना त्याच्यासमोर उभी राहायची. तिथूनच तिला जेफरसन अव्हेन्यूवर जायची इच्छा झाली.

दुकानात माझ्या टाइलसारख्याच डझनभर टाइल्स होत्या, साचा एक, ग्लेझ एक. पण भट्टीत एक कोपऱ्यात बसते, एक मधोमध, एकीच्या अंगावरून धूर जास्त वेळ जातो. दोन टाइल्स सारख्या निघत नाहीत. भाचीने ती सगळी चळत एकेक करून खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरून पाहिली. बहुतेकांवर तांबूस झाक इमारतींवर चढली होती. एकीवर ती खालच्या तीन रेघांत उतरली होती, पाण्यावर. तीच तिने कागदात गुंडाळून मागितली.