ऑइलची धार नेमकी कुठे पडते?

घरी गाडीचं ऑइल बदललं की फरशीवर काळा डाग पडणारच, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही. ऑइल सांडतं ते बहुतेकदा तीन वेळा: इंजिनखालचा ऑइल सोडायचा बोल्ट (ड्रेन बोल्ट) सुटतो तेव्हा, धार बारीक होते तेव्हा आणि जमलेलं ऑइल कॅनमध्ये ओतताना. या तिन्ही वेळी ते काय करणार हे आधी सांगता येतं.

आधी तापमानाचं बघू. १०डब्ल्यू-३० या दाटपणाच्या प्रतीचं ऑइल ४० अंश सेल्सिअसला जितकं दाट असतं, त्याच्या साधारण एक षष्ठांश दाटपणा १०० अंशांना उरतो. थंड ऑइल रेंगाळत उतरतं आणि काजळी, धातूचा बारीक कीस आतच राहतो. म्हणून इंजिन चार-पाच मिनिटं चालवावं, तेही उघड्यावर, कारण बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. मग दहा मिनिटं थांबलं की वर चढलेलं ऑइलही खाली येतं. लांबचा प्रवास करून आल्या आल्या मात्र बोल्टला हात लावू नये. तेव्हा ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं आणि शेजारचा सायलेन्सर त्याहून तापलेला असतो. आणि मोटारीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही, स्टँड लावूनच.

आता पहिली धार. भोकातून निघणाऱ्या द्रवाचा वेग वर साठलेल्या द्रवाच्या उंचीवर, नेमकं सांगायचं तर त्या उंचीच्या वर्गमुळावर, ठरतो. हा नियम इटलीच्या टॉरिचेलीने १६४४ साली प्रसिद्ध केला. भोकाच्या वर ५ सेंटीमीटर ऑइल असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर येतो. ऑइल दाट असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. बऱ्याच मोटारींत ड्रेन बोल्ट ऑइल चेंबरच्या (इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या) तळाला नसतो, बाजूला असतो. तिथून आडवी सुटलेली धार १५ सेंटीमीटर खाली ठेवलेल्या भांड्यापर्यंत पोचताना जवळपास तितकीच पुढे जाते. म्हणजे बोल्टच्या बरोबर खाली ठेवलेलं छोटं भांडं पहिल्याच क्षणी चुकतं. पातळी उतरते तशी धार मागे मागे सरकत बोल्टखाली येते. यासाठी पसरट घमेलं घ्यावं, ते धारेच्या दिशेला पुढे ठेवावं आणि जमेल तितकं वर उचलून घ्यावं. पडायला अंतर कमी तितकी धार कमी पुढे जाते. ज्या मोटारसायकलींचा बोल्ट थेट खाली तोंड करून असतो, तिथे ही अडचण येत नाही. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली की झालं.

बोल्ट रिंग पान्याने ढिला करावा आणि पुढे बोटांनी फिरवावा, पण फिरवताना तो आत दाबून धरावा. शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळतं. त्या क्षणी बोल्ट धारेच्या वाटेतून बाजूला झटकन ओढून घ्यायचा. हातात नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेतच.

खरी घाण होते ती शेवटी. जोरात वाहणारी धार धातूपासून सुटून पडते; वेग कमी झाला की तीच धार भोकाच्या कडेला चिकटून चेंबरच्या पोटाखालून वाहू लागते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. चहा हळू ओतला की किटलीच्या तोटीखालून ओघळतो, ते याच कारणाने. द्रवांच्या वाहण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मार्कुस राइनर यांनी १९५६ मध्ये या प्रकाराला किटलीचंच नाव दिलं. ऑइल धातूवर पाण्यापेक्षा सहज पसरतं, त्यामुळे ते अधिकच चिकटतं. उपाय साधा आहे: धार बारीक होण्याआधी भोकाभोवतीची जागा कापडाने कोरडी करावी आणि ठिबकणं थांबेपर्यंत भांडं हलवू नये. दहा मिनिटं गेली तरी चालतील.

या वेळात बोल्ट बघावा. टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लव दिसेल. ती नेहमीची झीज आहे. पण हाताला टोचणारे तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवा. बोल्टवरचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊन फट बुजवतो, म्हणून तो दर वेळी नवा घालावा. बोल्ट जीव खाऊन आवळू नका. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात आणि दुरुस्ती महागात पडते. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

कॅनमध्ये ओतताना नरसाळं तोंडात घट्ट बसलं तर आतली हवा कोंडते, ऑइल अडतं आणि मग उसळून बाहेर येतं. नरसाळ्याच्या कडेला एक काडी अडकवली की हवेला वाट मिळते.

हे जळकं ऑइल आपल्याकडे सेंट्रिंगच्या प्लेटांना, वाळवी लागू नये म्हणून दारांना सर्रास फासतात. कृपा करून तसं करू नका. इंजिनात जळताना त्यात बेंझो-ए-पायरीनसारखी संयुगं मिसळतात, आणि हे संयुग माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका ऑइल चेंजमधलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. गटारात तर ते थेंबभरही जाऊ नये. भारतात वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही टाकली आहे. योग्य प्रक्रिया केली तर त्यातून पुन्हा वंगणाचं बेस ऑइल (ज्यापासून नवं वंगण बनतं ते मूळ तेल) मिळतं. त्यासाठी ते पाणी, पेट्रोल किंवा कूलंट न मिसळता, झाकणबंद कॅनमध्ये, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. ठिबकलंच कुठे, तर त्यावर पाणी मारू नका. लाकडाचा भुसा टाका, तासाभराने खरडून उचला.