लग्नाची तारीख राजाला आठवत नव्हती

12 जून 1360. पोर्तुगालमधल्या कांतान्येद गावी राजा पेद्रो पहिला याने शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतली. इनेश द कास्त्रो ही आपली रखेल नव्हती, लग्नाची बायको होती. सुमारे सात वर्षांपूर्वी ब्रागान्सा इथे गुपचूप आपले लग्न लागले, असे त्याने जाहीर केले. दिवस कोणता आणि महिना कोणता, हे मात्र त्याला सांगता आले नाही. लग्नाच्या वेळी गार्दा इथल्या चर्चचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, असलेले आणि आता तिथलेच बिशप झालेले दों जील, आणि राजाचा सेवक इश्तेव्हांव लोबातो, हे दोघे साक्षीला उभे राहिले. जिच्याबद्दल हे सारे चालले होते ती मरून तोवर पाच वर्षे उलटली होती.

पेद्रो आणि इनेशची कथा जगभर प्रेमकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्या मुळाशी गेले की प्रेमाबद्दल कोणालाच शंका नव्हती हे दिसते. बापाला, दरबाऱ्यांना, धर्मगुरूंना ते पक्के ठाऊक होते. वाद होता तो लग्नाचा: ते झाले का, झाले असेल तर चर्चच्या लेखी टिकते का, आणि टिकत असेल तर त्या पोटची मुले गादीचे वारस ठरतात का. इनेशचा जीव याच प्रश्नापायी गेला आणि तिच्या मागे तीस वर्षांनी पोर्तुगालचे राजघराणेही याच प्रश्नावर बदलले.

सुरुवात सोयरिकीच्या राजकारणात आहे. पेद्रोचा बाप अफोन्सो चौथा याने आपली मुलगी मारिया हिला 1328 मध्ये शेजारच्या, आजच्या स्पेनमधल्या कास्तीलचा राजा अल्फोन्सो अकरावा याला दिली. अल्फोन्सोने तिच्यासाठी आधीची वाग्दत्त वधू कोन्स्तान्सा मानुएल हिला दूर केले आणि तोरो इथे नजरकैदेत ठेवले. मारियाचेही नशीब काही बरे नव्हते. नवऱ्याने उघडपणे लेओनोर द गुस्मान या बाईबरोबर संसार मांडला आणि तिच्यापासून त्याला मुलांवर मुले झाली. लेकीच्या या अपमानाने चिडलेल्या अफोन्सोने जावयाशी युद्ध केले आणि त्याने टाकलेली कोन्स्तान्साच आपल्या मुलासाठी, पेद्रोसाठी, सून म्हणून मागितली. ती 1340 मध्ये पोर्तुगालला आली. तिच्याबरोबर आलेल्या सख्यांत पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या गालिसिया प्रांतातल्या बलाढ्य कास्त्रो घराण्यातली एक तरुण मुलगी होती. ती इनेश.

नाते पाहू. पेद्रोची आई बियात्रिश ही कास्तीलच्या सांचो चौथ्याची मुलगी. इनेशच्या बापाची आई व्हियोलांते हीदेखील त्याच सांचोची, पण अनौरस. म्हणजे पेद्रो आणि इनेशचा बाप हे मावसभाऊ, आणि इनेश पेद्रोची पुतणी लागत होती. शिवाय ती स्वतः अनौरस होती.

चर्चचे नियम इथे आडवे येतात. सपिंड विवाहाचा निषेध आपल्याला माहीत आहे; पण मामाची मुलगी करून घेणे जिथे रूढ आहे, तिथल्या वाचकाला त्या काळच्या चर्चची कडकाई चकित करील. 1215 च्या चर्चच्या लॅटरन परिषदेने नियम सैल केला, तोही सातव्या पिढीवरून चौथ्या पिढीपर्यंत. खापरपणजोबा एक निघाले तरी लग्न निषिद्ध. युरोपातली राजघराणी एकमेकांत इतकी गुंतलेली होती, की जवळजवळ प्रत्येक शाही लग्नाला पोपची खास सूट लागे. साहजिकच ती सूट देणे किंवा रोखून धरणे हे पोपच्या हातातले मोठे शस्त्र होते. पोप त्या काळी रोमला नव्हते. फ्रेंच राजांच्या सावलीत आव्हिन्योंला राहत होते.

रक्ताच्या नात्याखेरीज दुसरी एक आडकाठी होती, आणि ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत चतुर खेळी वाटते. पेद्रोचे मन कुठे गुंतले आहे हे कोन्स्तान्साच्या ध्यानात आले. तिला मुलगा झाला, लुईश. त्याच्या बाप्तिस्म्याला तिने धर्ममाता म्हणून इनेशलाच उभे केले, असे परंपरा सांगते. चर्चच्या मते धर्ममाता आणि बाळाचा बाप यांच्यात आध्यात्मिक नाते जडते आणि मग त्यांच्यातला शरीरसंबंध हा अगम्यगमनाच्या पातकात मोडतो. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांत धर्ममाता-धर्मपित्याचा मान किती मोठा असतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बंधनाचे वजन कळेल. बाळ काही दिवसांतच गेले. नाते मात्र राहिले, आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एका कायदेपंडिताने ते नेमके उकरून काढले.

1344 मध्ये अफोन्सोने इनेशला सीमेपलीकडच्या आल्बुकेर्क किल्ल्यावर धाडले. (1510 मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कच्या घराण्याचे नाव याच गावावरून आलेले.) पुढच्या वर्षी कोन्स्तान्साला फर्नांदो झाला. त्यानंतर ती वारली आणि पेद्रोने बापाला न जुमानता इनेशला परत आणले. अखेर दोघे कोइंब्रात, मोन्देगु नदीकाठच्या सांता क्लारा मठालगतच्या वाड्यात राहू लागले. हा मठ पेद्रोच्या आजीने, पुढे संतपद मिळालेल्या राणी इझाबेलने, उभारलेला. इनेशला चार मुले झाली. पहिला अफोन्सो लहानपणीच गेला, जुआंव, दिनिश आणि बियात्रिश जगली. दुसरे लग्न कर म्हणून बाप सांगत राहिला, पेद्रो टाळत राहिला. इनेशशी लग्न झाले आहे असेही त्याने तेव्हा कधी म्हटले नाही.

अफोन्सो चौथ्याला केवळ निर्दय म्हातारा ठरवून ही गोष्ट उरकणे मला पटत नाही. तारुण्यात त्याने स्वतःच बापाविरुद्ध, राजा दिनिशविरुद्ध, तलवार उपसली होती. कारण बापाचा जीव अफोन्सो सांचिश या अनौरस मुलावर होता आणि गादी आपल्या हातून जाईल अशी त्याला धास्ती होती. लेकीचा संसार जावयाच्या रखेलीने उधळलेला त्याने पाहिला. जावई 1350 मध्ये वारल्यावर त्या लेओनोरला मारियाच्या हुकमाने तालाव्हेरात मारण्यात आले, आणि लेओनोरची मुले कास्तीलमध्ये यादवी पेटवू लागली. आता त्याच्या स्वतःच्या घरात एका बाजूला अशक्त नातू फर्नांदो आणि दुसऱ्या बाजूला इनेशची धडधाकट मुले. त्यांचे मामा, फर्नांदो आणि आल्व्हारो, महत्त्वाकांक्षी होते.

1354 मध्ये ठिणगी पडली. कास्तीलचा तरुण राजा, त्याचेही नाव पेद्रो, हा मारियाचा मुलगा. फ्रेंच राजघराण्यातल्या मुलीशी लग्न झालेले असताना त्याने आव्हिला आणि सालामांका इथल्या बिशपांकडून ते लग्न रद्द ठरवून घेतले आणि इनेशची सावत्र बहीण हुआना हिच्याशी लग्न केले. एक-दोन रात्रींतच तो तिला सोडून गेला. पोप इनोसंट सहावा संतापला. कास्त्रो बंधू तर बंडखोरांनाच जाऊन मिळाले, आणि त्यांनी पोर्तुगालच्या पेद्रोला सांचोचा नातू म्हणून कास्तीलच्या गादीवर हक्क सांगायला चिथावले. अफोन्सोने ते थांबवले. पण कास्त्रोंचा हात आपल्या मुलाच्या खांद्यावर किती खोल रुतला आहे, हे त्याला दिसून चुकले.

मोन्तेमोर-उ-व्हेल्यु इथे सल्लामसलत झाली. आल्व्हारो गोन्साल्व्हिश, पेरो कोएल्यु आणि दियोगु लोपिश पाशेकु हे तिघे सल्लागार इनेशला संपवण्याच्या मताचे होते. 7 जानेवारी 1355 रोजी पेद्रो शिकारीला गेला असताना कोइंब्रात तिचा गळा कापण्यात आला. मुलांना पदराशी धरून तिने राजाकडे दयेची याचना केली आणि राजा क्षणभर विरघळला, हे चित्र नंतरच्या कवींनी आणि बखरकारांनी रंगवले. त्यावर मला काही म्हणायचे नाही. एवढे खरे, की तिच्यावर खटला चालला नाही. लग्न होते की नव्हते हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही.

पेद्रोने बंड केले, उत्तरेकडचा मुलूख उद्ध्वस्त केला, पोर्तु शहराला वेढा घातला. ऑगस्टमध्ये आई बियात्रिशने मध्यस्थी करून कानाव्हेसिश इथे तह घडवला. त्यात मारेकऱ्यांना क्षमा करण्याची शपथही होती. 1357 मध्ये अफोन्सो वारला आणि पेद्रो गादीवर आला. तिघे सल्लागार आधीच कास्तीलला पळाले होते. दोन्ही पेद्रोंनी मग सौदा केला: पोर्तुगालच्या आश्रयाला आलेले कास्तीलचे सरदार परत द्यायचे आणि बदल्यात हे तिघे घ्यायचे. पाशेकु निसटला. उरलेल्या दोघांची सांतारेंमध्ये काळजे काढण्यात आली, एकाचे छातीतून, दुसऱ्याचे पाठीतून. पंधराव्या शतकातला बखरकार फेर्नांव लोपिश हे सांगतो आणि शरण आलेल्यांना विकल्याबद्दल राजाला दोषही देतो. प्रेमाच्या नावाखाली हे पान झाकले जाऊ नये.

कांतान्येदची शपथ याच काळातली. तिच्या पाठोपाठ कोइंब्रात पोप जॉन बाविसावा याचे 1325 चे एक पत्र वाचून दाखवण्यात आले. नात्यातल्या स्त्रीशी लग्न करण्याची सूट त्यात पेद्रोला दिलेली होती. ती मिळाली तेव्हा पेद्रो जेमतेम पाच वर्षांचा होता! गुपचूप लग्नाचे म्हणाल, तर ते त्या काळी अशक्य नव्हते. ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे करेपर्यंत, दोघांनी एकमेकांना ‘मी तुला पत्करतो’, ‘मी तुला पत्करते’ असे म्हटले तरी लग्न लागे. चर्च रागावे, दंड करी, पण लग्न मोडत नसे. अडथळा फक्त नात्याचा. म्हणूनच पेद्रोला आव्हिन्योंहून शिक्का हवा होता. इनोसंट सहाव्याने तो दिला नाही.

राजाने मग दगडात निकाल दिला. सिस्टर्शियन साधूंच्या आल्कोबासा मठात त्याने पांढऱ्या दगडाची समाधी घडवून घेतली आणि कोइंब्राहून इनेशचा देह तिथे आणवला. वाटेवर सतरा कोस दुतर्फा लोक पेटत्या मेणबत्त्या धरून उभे होते, असे लोपिश लिहितो. शेजारी पेद्रोची स्वतःची समाधी.

मृत इनेशला सिंहासनावर बसवून दरबाऱ्यांना तिच्या हाताचे चुंबन घ्यायला लावले, हा सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र लोपिशकडे नाही. तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पॅनिश नाटकांतून रूढ झाला. त्याच शतकात पोर्तुगीज कवी कामोंइशने ‘उश लुझियादश’ या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात मेल्यानंतर राणी झालेली ती बिचारी, असे तिला म्हटले. महाकाव्य 1572 मध्ये छापले गेले, पण कवी 1553 पासून कित्येक वर्षे गोव्यात आणि पूर्वेकडे होता. त्याची पहिली छापील कविताही 1563 मध्ये गोव्यातच, गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील ग्रंथात आली. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्याचा पुतळा पाहताना मला नेहमी इनेश आठवते.

पेद्रो 1367 मध्ये गेला. फर्नांदो 1383 मध्ये औरस मुलगा मागे न ठेवता वारला, आणि इनेशच्या मुलांचा हक्क पुढे आला. 1385 मध्ये कोइंब्रात, तिच्याच गावी, राज्यसभा भरली. कायदेपंडित जुआंव दश रेग्रश याने एकेक आडकाठी मांडली: रक्ताचे नाते, लुईशचे धर्ममातेपण, लग्नाच्या साक्षीतला गोंधळ, आणि शेवटी पोपचा नकार. मुले अनौरस ठरली. 6 एप्रिलला गादी मिळाली ती पेद्रोच्याच आणखी एका मुलाला, तेरेझा लोरेन्सु हिच्या पोटच्या जुआंवला. तोही अनौरसच, शिवाय आव्हिश या धार्मिक लष्करी संघाचा प्रमुख म्हणून ब्रह्मचर्याच्या व्रताने बांधलेला. त्याच्या लग्नासाठी मात्र पोपची सूट मिळाली. 1498 मध्ये कालिकतला पोहोचलेल्या वास्को द गामाला धाडणारे राजघराणे ते हेच.

इनेशचे मुलगे राजे झाले नाहीत. तिची मुलगी बियात्रिश कास्तीलला दिली होती; तिची मुलगी लेओनोर आरागॉनची राणी झाली.

आल्कोबासाच्या समाध्या 1810-11 मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी फोडल्या. इनेशच्या समाधीवरच्या अंतिम न्यायाच्या शिल्पात कबरींची झाकणे उचलून मेलेले उठताहेत. मूर्तीशेजारी देवदूत तिचे डोके सावरून बसले आहेत, आणि डोक्यावर मुकुट आहे.