हिरव्या रंगाला आंधळी काच

सोफस ट्रॉमहोल्ट हा डॅनिश शिक्षक १८८२ साली नॉर्वेच्या पार उत्तरेला, काउतोकेइनो गावी जाऊन राहिला तो अरोरासाठी, म्हणजे ध्रुवाकडच्या रात्रीच्या आभाळात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशासाठी. पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष, म्हणजे अनेक देशांनी मिळून ध्रुवीय भागात निरीक्षणं करण्याची मोहीम, सुरू होतं. समुद्राकाठी बोसेकोपला नॉर्वेचं निरीक्षण केंद्र होतं आणि ट्रॉमहोल्ट तिथून दक्षिणेला, बराच आत. दोन्हीकडून एकाच वेळी अरोराचे कोन मोजायचे आणि त्रिकोणमितीने त्याची उंची काढायची, असा बेत. सोबत कॅमेराही होता. अरोराचा फोटो तोवर कुणालाच साधला नव्हता.

तो तिथे त्यालाही साधला नाही. कॅमेऱ्यातली काचेची प्लेट कितीही वेळ उघडी ठेवली तरी कोरीच. अरोराचा उजेड मंद, हे एक कारण. दुसरं जास्त गमतीचं आहे. अरोराचा हिरवा रंग उंचावरच्या ऑक्सिजनच्या अणूंकडून येतो, तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर. त्या काळच्या साध्या जिलेटिन प्लेटवरचं सिल्व्हर ब्रोमाइड निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देई. हिरवा त्याच्या खिजगणतीत नव्हता. नायट्रोजनची जांभळी छटा टप्प्यात होती खरी, पण प्लेट मंद आणि आभाळातला पडदा सारखा हलता. अखेर १८९२ मध्ये मार्टिन ब्रेंडेलने बोसेकोपला अरोरा टिपला.

ट्रॉमहोल्टने मात्र दिवसाच्या उजेडात गावकऱ्यांचे फोटो काढले. काउतोकेइनो म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा मुलूख. माझ्या मते त्याची खरी कमाई हे फोटोच. फक्त बघताना काचेची खोड ध्यानात ठेवावी लागते. इथल्या सामींचा अंगरखा, म्हणजे गाक्ती, निळा आणि त्यावर लाल-पिवळ्या पट्ट्या. अशा प्लेटवर निळा फिका पडतो, लाल जवळजवळ काळा होतो. थंडीने लालबुंद झालेले गाल काळवंडतात, डाग आणि सुरकुत्या उठून दिसतात, निळ्या डोळ्यांची बुबुळं पांढुरकी होतात. जुन्या फोटोतल्या ज्या ‘रापलेल्या’ चेहऱ्यांचं आपण कौतुक करतो, त्यात हवामानाइतकाच रसायनाचा हात असतो.

१८८४ मध्ये फ्रान्सचा प्रिन्स रोलां बोनापार्ट सामींकडे आला तो मानवशास्त्राची मोजमापं घ्यायला. एक फोटो समोरून, एक बाजूने, पोलीस ठाण्यात आरोपीचा काढतात तसा. त्या काळी ही शास्त्रीय शिस्त मानली जायची. आज ते फोटो बघताना अवघडल्यासारखं होतं. ट्रॉमहोल्टला ‘वंशाचा नमुना’ नको होता. त्याने माणसं टिपली आणि त्यांची नावंही नोंदवली. पुढच्या पिढ्यांना आपलं माणूस शोधायला त्या नावांइतका दुसरा आधार नाही.

ट्रॉमहोल्टचा हा संग्रह आता नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृती नोंदवहीत, म्हणजे जगातल्या मोलाच्या दस्तऐवजांच्या यादीत, घेतलं. यातले फोटो संगणकाने रंगवलेले दिसले, तर आधी गाक्तीचा निळा बघा. करड्या छटेवरून अंदाज बांधला असेल, तर तो हमखास फिका निघेल.