पॅकियाओचे आठ वजनगट : आकड्यामागचा हिशेब

फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओच्या नावामागे ‘आठ वजनगटांत जगज्जेता’ हे बिरूद इतकं घट्ट बसलंय की आता कुणी ते मोजून पाहत नाही. जुलै २०२५ मध्ये तो ४६व्या वर्षी लास व्हेगासला पुन्हा रिंगमध्ये उतरला, तेव्हाच्या बातम्यांतही ते होतंच. मोजायला बसलं की मात्र गुंता होतो. एका हिशेबाने आठ भरतात, दुसऱ्या हिशेबाने सहाच. हे दोन हिशेब का झाले, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फिलिपिन्समध्ये मुष्टियुद्ध अमेरिकी राजवटीबरोबर आलं आणि लवकर रुजलं. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर फ्लायवेट या हलक्या वजनगटातल्या एका फिलिपिनोने जगज्जेतेपद मिळवलं. आशियातला तो पहिला. दोनच वर्षांनी, दात काढल्यावर झालेला संसर्ग घशात पसरून २३व्या वर्षी तो गेला. पुढे १९६० मध्ये दुसऱ्या एकाने मनिला परिसरातल्या नव्या कोऱ्या आरानेता कोलिझियममध्ये जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला आणि सात वर्षं राखला. पॅकियाओ याच परंपरेतला, पण वजनांच्या बाबतीत त्याची गोष्ट या दोघांपेक्षा फार वेगळी आहे.

जन्म १७ डिसेंबर १९७८, मिंडानाओतल्या बुकिडनोन प्रांतातलं किबावे. वाढला जनरल सँटोस या ट्यूना मासळीच्या बंदरात. घर सोडून मनिला गाठणं, रस्त्यावर पाव विकणं हे सगळं बहुतेकांना ठाऊक आहे. इथे महत्त्वाचा आहे तो वजनकाटा. जानेवारी १९९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो व्यावसायिक झाला तेव्हा त्याचं वजन किमान अटीलाही पुरत नव्हतं. वजन भरावं म्हणून खिशात जड वस्तू घालून काट्यावर चढायचो, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. हाडापेराने एवढासा पोरगा. पुढची पंधरा वर्षं त्याची लढाई याच काट्याशी होती, आणि काट्याने त्याला एकदा जबर दगाही दिला.

डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडला जाऊन त्याने तिथल्या विजेत्याला आठव्या फेरीत बाद केलं. गुणांत तो मागे होता. हा फ्लायवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा पट्टा, आठांतला पहिला. पण वाढत्या वयाचं शरीर ११२त मावेना. सप्टेंबर १९९९ मध्ये पुन्हा थायलंडमध्येच तो काट्यावर जास्त भरला आणि लढतीआधीच पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी उपाशी, कोरड्या अंगाने तो लढला आणि तिसऱ्या फेरीत पोटावरच्या ठोशाने कोसळला. मग त्याने ११५ आणि ११८ पौंडांचे दोन गट सरळ ओलांडले आणि १२२ पौंडांत, सुपर बँटमवेटमध्ये गेला. जून २००१ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांच्या सूचनेवर तो लास व्हेगासला बदली खेळाडू म्हणून उभा राहिला आणि सहाव्या फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या विजेत्याचा पट्टा घेऊन आला. दुसरा वजनगट. इथपर्यंत कुणाचाही वाद नाही.

गुंता सुरू होतो तो १२६ पौंडांत, फेदरवेटमध्ये.

जगज्जेता ठरवणारी एकच संस्था मुष्टियुद्धात नाही. प्रमुख मानल्या जाणाऱ्या चार संघटना आहेत. प्रत्येकीचा स्वतःचा पट्टा, स्वतःची क्रमवारी, आणि लढतीच्या मानधनातून टक्केवारीही. त्यामुळे एकाच वजनगटात एका वेळी चार विजेते असू शकतात. याशिवाय एक जुनी समजूत आहे : विजेत्याला रिंगमध्ये हरवेल तोच नवा विजेता. पट्टा कुणी काढून घेतला, कुणी वाटला, याच्याशी तिला देणंघेणं नाही. १९२२ पासून निघणारं एक अमेरिकी मासिक साधारण याच तत्त्वावर आपला पट्टा देतं.

नोव्हेंबर २००३ मध्ये सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये पॅकियाओने ज्या मेक्सिकन फेदरवेटला अकराव्या फेरीपर्यंत झोडपून काढलं, तो असा मासिकाचा विजेता होता. चारपैकी एकाही संघटनेचा पट्टा पणाला नव्हता. आणि का नव्हता, हे पाहण्यासारखं आहे. आदल्या वर्षी त्या मेक्सिकनाने आपल्या कडव्या प्रतिस्पर्ध्याला हरवून एका संघटनेचा पट्टा जिंकला होता, पण तो त्याने घेतलाच नाही. म्हणजे पट्टा नव्हता याचं कारण माणूस कमी दर्जाचा होता असं नव्हे. त्या वजनात त्या काळी खरा दादा तोच होता.

त्यानंतरची लढत या सगळ्या हिशेबाचा कणा आहे. ८ मे २००४, लास व्हेगास. समोर दुसरा मेक्सिकन, त्याच्याकडे चारपैकी दोन संघटनांचे फेदरवेट पट्टे. पहिल्याच फेरीत पॅकियाओने त्याला तीनदा खाली पाडलं. नाकातून रक्त, पण तो उठला, आणि पुढच्या फेऱ्यांत त्याने पॅकियाओच्या डाव्या हाताची उकल करून लढत खेचून आणली. निकाल बरोबरीचा. एका पंचाने पॅकियाओला ११५-११० दिले, दुसऱ्याने नेमके तेवढेच मेक्सिकनाला, तिसऱ्याने ११३-११३.

आता ती पहिली फेरी. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ आणि प्रत्येक पाडावाला आणखी एक वजा, ही रीत. तीन पाडाव म्हणजे १०-६. दोन पंचांनी तसंच लिहिलं. तिसऱ्याने, म्हणजे ११३-११३ वाल्यानेच, १०-७ लिहिलं. सातच्या खाली जाता येत नाही अशी त्याची समजूत होती आणि ती चुकीची होती, हे त्याने मागाहून मोकळेपणाने कबूल केलं. त्याने १०-६ लिहिलं असतं तर त्याची बेरीज ११३-११२ होऊन पॅकियाओ जिंकला असता. म्हणजे दोन संघटनांचे फेदरवेट पट्टे त्या रात्रीच त्याच्या कमरेला आले असते आणि फेदरवेटपुरता वाद कायमचा मिटला असता. निकाल बदलला नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि तो मेक्सिकनाबद्दल पूर्ण आदर ठेवून. उरलेल्या अकरा फेऱ्यांतला त्याचा खेळ त्या रात्रीचा सर्वांत सुंदर भाग होता. तरीही लिहिलेल्या नियमाने एक गुण पॅकियाओचा होता आणि तो त्याला मिळाला नाही.

१३० पौंडांचा पट्टा त्याने मार्च २००८ मध्ये याच मेक्सिकनाला हरवून घेतला. तेही पंचांच्या मतभेदाने, एका गुणाने. तीन महिन्यांत १३५चा. वर्षअखेरीस १४७ पौंडांच्या वेल्टरवेटला जाऊन अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या नावाला त्याने आठव्या फेरीअखेर स्टुलावरच बसवलं. त्या लढतीत पट्टा नव्हता, त्यामुळे आकड्यात ती येत नाही, पण फिलिपिन्सच्या आठवणीत तिची जागा फार वर आहे. अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे मनिलातली रविवार सकाळ. चित्रपटगृहांत, क्रीडागृहांत पडदे लागायचे आणि रस्ते ओस पडायचे.

मे २००९ मध्ये १४० पौंडांत, लाइट वेल्टरवेटमध्ये, समोर मँचेस्टरचा लाडका इंग्लिश खेळाडू. दुसरी फेरी संपायला एक सेकंद उरला असताना डावा हूक बसला आणि तो पाठीवर आडवा झाला, पुन्हा हलेना. रिंगमधल्या पंचाने मोजणी पूर्ण करायचीही गरज राहिली नाही. इथेही पणाला होता तो मासिकाचा पट्टा, आणि जोडीला एका पाचव्या, प्रमुख न मानल्या जाणाऱ्या संघटनेचा. आक्षेप घेणारे इथे आणखी एक मुद्दा काढतात : ते मासिक २००७ मध्ये लढती भरवणाऱ्या एका कंपनीने विकत घेतलं होतं, मग त्याचा पट्टा निःपक्ष कसा? प्रश्न रास्त आहे. पण या इंग्लिश खेळाडूने २००५ मध्येच, कंपनी येण्याआधी, त्या वजनाच्या निर्विवाद राजाला मँचेस्टरमध्ये जागेवरून उठू दिलं नव्हतं. मान त्याने रिंगमध्ये कमावला होता.

तर फेदरवेट आणि लाइट वेल्टरवेट हे दोन गट वगळले की सहा, धरले की आठ.

माझ्या मते संशय घ्यायचाच तर या दोघांवर नव्हे, आठव्यावर, म्हणजे सुपर वेल्टरवेटवर घ्यावा. नोव्हेंबर २००९ मध्ये वेल्टरवेटचा पट्टा त्याने प्यूर्टो रिकोच्या विजेत्याकडून घेतला. तिथे १४७ ऐवजी १४५ पौंडांची मर्यादा ठरली होती. याला कॅचवेट म्हणतात, दोन्ही बाजूंनी करारात लिहिलेलं वजन. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये, ४१ हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे, सुपर वेल्टरवेटची लढत झाली. गटाची मर्यादा १५४, करारात १५०. पट्टा रिकामा होता, म्हणजे कुणाला हरवून घ्यायचा नव्हता. प्रतिस्पर्धी तर ग्लोव्हजखाली हाताला गुंडाळलेल्या कापडात कडक पदार्थ सापडल्यामुळे परवाना गमावून परत आलेला. कॅलिफोर्नियाने त्याला परवाना नाकारला, टेक्सासने दिला. आणि काट्यावर पॅकियाओ भरला १४४.६ पौंड. म्हणजे वेल्टरवेटच्या मर्यादेतच राहून त्याने वरच्या गटाचा पट्टा घेतला. कागदावर यात काही गैर नाही, १५४ ही वरची मर्यादा आहे. हा पट्टा प्रमुख संघटनेचा, म्हणून कडक हिशेबातही तो धरला जातो, आणि अलामोडोमची ती रात्र धरली जात नाही. हे मला उलटं वाटतं.

लढत म्हणून मात्र ती थोर होती. समोरचा चांगलाच उंच, लढतीच्या रात्रीपर्यंत पंधरा पौंडांहून जड. पॅकियाओने बारा फेऱ्या त्याला फोडून काढलं, त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. अकराव्या फेरीत तर त्यानेच पंचाकडे पाहून खूण केली, थांबवा म्हणून. पंचाने थांबवलं नाही.

पुढचं थोडक्यात. २०१२ मध्ये एक वादग्रस्त पराभव, त्याच वर्षी जुन्या मेक्सिकनाच्या एका ठोशाने बेशुद्ध, २०१५ मध्ये बहुचर्चित लढतीत गुणांवर हार. मध्ये खासदारकी, सिनेट, २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची हरलेली निवडणूक. ४०व्या वर्षी, जुलै २०१९ मध्ये, वेल्टरवेटचा पट्टा घेऊन तो त्या गटातला सर्वांत वयस्क विजेता ठरला. दीड वर्ष लढला नाही म्हणून संघटनेने त्याला ‘विश्रांतीवरचा विजेता’ ठरवून पट्टा क्यूबाच्या खेळाडूला दिला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच क्यूबनाने, आयत्या वेळी बदली म्हणून येऊन, त्याला हरवलं.

२०२५ मध्ये चार वर्षं एकही अधिकृत लढत नसताना त्याला थेट पट्ट्यासाठी उभं केलं, यावर टीका झाली आणि ती योग्य होती. दोन पंचांनी ११४-११४ दिले, तिसऱ्याने विजेत्याच्या बाजूने ११५-११३. बरोबरी झाली, पट्टा जागच्या जागी राहिला. तो जिंकला असता तर वयाचा स्वतःचाच विक्रम मोडला असता. आठचा आकडा मात्र तेवढाच राहिला असता, कारण वेल्टरवेट त्यात २००९ पासूनच धरलेला आहे.